डायलिसिसच्या आधीची वर्षं

दिल्लीतल्या मूत्रपिंडविकाराचे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळ्यात जुना गैरसमज उघडा पडतो. एम्सच्या डॉक्टरांनी दक्षिण दिल्लीतल्या ४,९७२ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली छापले. रक्तातलं क्रिएटिनिन १.८ च्या वर, ही त्यांची कसोटी होती. त्या कसोटीवर शंभरात एकसुद्धा रुग्ण भरला नाही. दहा वर्षांनी दिल्ली आणि चेन्नईच्या सर्वेक्षणात प्रमाण निघालं ८.७ टक्के. रोग एवढ्यात दहापट झाला, असा याचा अर्थ नाही. या वेळी लघवीतून जाणारं अल्ब्युमिनही मोजलं होतं आणि रोगाची व्याख्या आधीपेक्षा व्यापक होती. ‘क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनी ठणठणीत’ हा दिलासा म्हणूनच फसवा. मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता गेली तरी हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात राहू शकतो. त्या सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांची साखर वाढलेली होती. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं, ते यासाठी.

यावर लगेच विचारलं जातं, कळून तरी करायचं काय? किडनीला औषध नाही, शेवटी डायलिसिसच. आक्षेप अर्धाच खरा आहे. निकामी झालेल्या गाळण्या परत मिळत नाहीत, पण उरलेल्या कितीतरी वर्षं टिकवता येतात. टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी औषधं रक्तदाबाबरोबर या गाळण्यांमधला दाबही उतरवतात. त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, आणि घात होतो तो इथेच: रिपोर्ट बघून घरचेच गोळी बंद करतात. वास्तविक ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा स्वीकारतात. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघायचं, ते वाढ त्यापलीकडे गेली नाही ना, हे कळावं म्हणून. डापाग्लिफ्लोझिन हे मूळचं मधुमेहाचं औषध. ४,३०४ मूत्रपिंडरुग्णांवरच्या २०२० च्या चाचणीत, ज्यांत मधुमेह नसलेलेही होते, मूत्रपिंडाची मोठी घसरण किंवा त्यातून आणि हृदयविकारातून होणारे मृत्यू मिळून १४.५ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आले. ‘हे सगळं श्रीमंतांसाठी’ हा आक्षेपही आता लटका पडतो. भारतात त्याच वर्षी या औषधाचं पहिलं पेटंट संपलं आणि स्वस्त जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या.

गोळ्यांऐवजी लोक भरवसा ठेवतात तो पाण्यावर. ‘भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते’ हा सल्ला मुतखड्याला लागू पडतो, या आजाराला नाही. कॅनडात ६३१ रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला. जादा पाणी पिणाऱ्यांची घसरण मंदावली नाही. अंगावर सूज असलेल्याला तर ते बाधतं. दिल्लीच्या घराघरातलं सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच, तेव्हा मीठ बदलून नव्हे, कमी करून फायदा. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय तेही नको. जडीबुटी निरुपद्रवी मानणाऱ्यांनी बेल्जियम आठवावं: १९९० च्या दशकात वजन घटवण्याच्या वनस्पतीमिश्रणांनी तिथल्या कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी केली.

डायलिसिसची भीती मात्र दोन्ही बाजूंनी चुकते. तो लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८२८ रुग्णांच्या चाचणीने २०१० मध्ये दाखवलं. पण वाट बघण्यासाठी तयारी लागते. डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेली फिस्टुला वापरण्याजोगी व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. ती आधी केली नाही तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत गरिबांना डायलिसिस मोफत आहे, तरी आठवड्यातून बहुधा तीन फेऱ्या आणि दर वेळी चारेक तास रुग्णाचेच जातात. प्रत्यारोपणाचा विचारही डायलिसिसच्या आधीच सुरू करता येतो. मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणीला ६५ वर्षांची जी मर्यादा होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली आहे.