सायकल, शाळा आणि मध्ये अडकलेली झोप

पहाटे साडेचारला गजर, पाचला रस्त्यावर, सातपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर. मग अंघोळ, डबा, शाळा किंवा कॉलेज. संध्याकाळी क्लास, घरी परतायला साडेआठ-नऊ, जेवण आणि उरलेला अभ्यास. पुणे, सांगली, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत सायकल शर्यतींची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जातो. बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलाला सराव संध्याकाळवर ढकलता येतो. सायकलपटूला मोकळा रस्ता लागतो आणि आपल्या शहरांत तो सकाळी सातनंतर मिळत नाही. बालेवाडीसारखा व्हेलोड्रोम काही प्रत्येक गावात नसतो. सरावाची वेळ ठरलेली, शाळेची ठरलेली, क्लासचीही ठरलेली. कात्री लागते ती झोपेला.

घरात वाद होतो तो मात्र ‘सायकल की अभ्यास?’ असा. दहावी जवळ आली की तो हमखास होतो आणि कित्येक घरांत सायकल माळ्यावर जाते. शरीराच्या बाजूने पाहिलं तर सराव आणि अभ्यास या दोन्हींचा खर्च एकाच खात्यातून होतो. ते खातं रात्री भरतं.

रात्री काय घडतं?

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. अडचण अशी, की वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचा निरोप देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे साडेनऊला दिवे मालवले तरी मुलगा तळमळत पडतो. तो आळस नव्हे, वय आहे. अकराला झोपून साडेचारला उठलं की हाती साडेपाच तास लागतात.

जोरदार सरावात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यांची दुरुस्ती विश्रांतीत होते आणि दुरुस्तीनंतरच स्नायू आधीपेक्षा बळकट होतो. वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत स्रवतं. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं कामही झोपेतच चालतं. झोप तोडून केलेला सराव पायांत मुरत नाही आणि झोप तोडून केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही. शिवाय पेंगुळलेल्या अवस्थेत पहाटेच्या अंधारात रस्त्यावर सायकल हाकणं हा सरळसरळ अपघाताचा धोका आहे.

भूक आणि हाडं

दुसरी कात्री खाण्याला लागते. उपाशीपोटी सराव, घाईत अर्धा डबा आणि ‘वजन कमी असलं की चढ सोपा जातो’ हे कानावर पडलेलं वाक्य. सरावाला लागणारी ऊर्जा वजा केल्यावर वाढीसाठी पुरेशी उरली नाही, तर शरीर एकेक काम आवरतं घेऊ लागतं. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ असं नाव दिलं. मुलींची पाळी लांबणं किंवा थांबणं, वारंवार सर्दी-ताप, चिडचिड, सराव करूनही वेळ न सुधारणं ही तिची लक्षणं. ‘खेळाडू मुलींची पाळी चुकतेच’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवायला हवं.

रक्तक्षयाचं भानही हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. लोह कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. पाय जड पडण्याचं कारण कधीकधी सरावात नसून रक्तात असतं. मात्र लोहाच्या गोळ्या तपासणीनंतरच घ्याव्यात. जेवणाला जोडून चहा टाळावा, भाजी-उसळीवर लिंबू पिळावं.

हाडांचा मुद्दा सायकलपटूंसाठी खास आहे. हाडांची बहुतांश घडण विशीच्या आत होते आणि त्यासाठी त्यांच्यावर आदळआपट व्हावी लागते. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो. त्यामुळे हृदय दणकट होतं, पण हाडांना तेवढं काम मिळत नाही. दोरीवरच्या उड्या, धावणं, व्यायामशाळेतला देखरेखीखालचा व्यायाम आठवड्यात दोन-तीनदा हवाच.

वेळापत्रक जुळवताना

रस्त्यावरचा सराव आठवड्यात तीन-चार दिवसांवर आणून बाकीचा ट्रेनरवर किंवा रोलरवर घरीच करता येतो. तेवढ्या पहाटा झोपेला मिळतात. एक दिवस पूर्ण सुट्टी ठेवावी. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा क्रीडावैद्यकातला सोपा ठोकताळा. निघण्यापूर्वी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, परतल्यावर दूध आणि पोहे, अंडी किंवा पोळी-उसळ. एनर्जी ड्रिंक नकोच. ते लहान मुलांसाठी नाही, असं त्याच्या डब्यावरच छापलेलं असतं. उंची झपाट्याने वाढत असेल तर सीटची उंची दर दोन-तीन महिन्यांनी तपासावी. सीट खाली राहिली की गुडघ्याची पुढची बाजू दुखू लागते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीत ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना वाढीव गुणांची सवलत आहे. तिचे कागद वेळेत शाळेकडे द्यावेत. स्पर्धांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना दिल्या, तर चाचणी परीक्षेचा घोळ टळतो.

घाईचं दडपण कमी करणारं एक उदाहरण बेल्जियमच्या रेम्को एवेनपूलचं आहे. तो २०१७ पर्यंत फुटबॉल खेळत होता. २०१८ मध्ये तो ज्युनिअर गटाचा जगज्जेता झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने सायकलिंगची दोन सुवर्णपदकं जिंकली. असा वेग सगळ्यांना जमणार नाही, पण बाराव्या-तेराव्या वर्षीच सगळं पणाला लावलं नाही तर संधी गेली, असं मात्र नाही.

परीक्षेच्या महिन्यात सराव निम्मा केला तर कमावलेला दम फारसा जात नाही. बहुतेक सायकलपटू किलोमीटरची नोंद ठेवतात. त्याच वहीत झोपेचे तास आणि उठल्याबरोबर मोजलेली नाडी लिहावी. नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा जास्त लागली, तर त्या दिवशीचा गजर पालकांनीच बंद करावा.