सटवाई हसवते तेव्हा

तान्हं बाळ झोपेत हसलं की घरातली म्हातारी म्हणते, सटवाई हसवतेय. पुढच्याच क्षणी ओठ मुडपून ते रडवेलं झालं, तर तीच रडवतेय. पाचवीच्या रात्री कपाळी नशीब लिहून जाणारी ही देवी नंतरही बाळाशी खेळायला येते, असं महाराष्ट्रभर मानलं जातं. मला या समजुतीचं फार कौतुक वाटतं. ती ज्यांनी जपली त्या बायकांनी झोपलेल्या बाळाच्या तोंडाकडे किती वेळ, किती बारकाईने पाहिलं असेल! बाळ निजलं तरी त्याच्या आत काहीतरी जोरात चालू असतं, हे त्यांनी हेरलं होतं.

प्रयोगशाळेला हे दिसायला १९५३ साल उजाडलं. शिकागो विद्यापीठात नेथॅनियल क्लाइटमन यांच्याकडे युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. झोपलेल्या बाळांचे डोळे बघत बस, असं काम गुरूंनी त्याला लावून दिलं. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की मधूनच पापण्यांखालची हालचाल पार थांबते, काही मिनिटं तशीच जातात आणि मग बुबुळं पुन्हा फिरू लागतात. त्यातून पुढे मोठ्या माणसांची स्वप्नांची झोप सापडली. मोठ्यांच्या झोपेत हा चळवळा भाग जेमतेम पाव असतो. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं आणि त्यातली निम्मी झोप अशी असते. बोटं उडतात, पाय झटकले जातात, श्वास कधी भरभर तर कधी संथ. सटवाईचं हसू याच झोपेतलं.

हे झटके वाया जात नाहीत. आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं आहे, की झोपेत पाय उडाला की त्याची खबर मेंदूकडे जाते. हा पाय माझा आणि तो इथे आहे, हे मेंदू त्यातून शिकत असावा. जे बाळ आपल्याला ‘स्वस्थ झोपत नाही’ असं वाटतं, ते झोपेतच आपलं अंग ओळखायला शिकत असेल, तर केवढी नवलाची गोष्ट आहे ही!

बाळ रात्री सारखं का उठतं, याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. मोठ्यांच्या झोपेची एक फेरी सुमारे दीड तासाची. तान्ह्या बाळाची ५०-६० मिनिटांची. प्रत्येक फेरीच्या टोकाला झोप पातळ होते, बाळ कण्हतं, चुळबुळतं, एखादा हुंकार देतं. पुष्कळदा ते जागं झालेलंच नसतं. आपण उचलून घेतो आणि मग मात्र खरंच जागं होतं. मिनिटभर थांबून पाहावं, एवढंच. ते रडू लागलं तर प्रश्न मिटला, पदराखाली घ्यायचं. आईचं दूध हलकं, दीड-दोन तासांत पचून जातं. पोटात रात्रभराची शिदोरी ठेवायला बाळाकडे जागाच नाही.

दुसरं उत्तर घड्याळाचं. पोटात असताना बाळाला रात्र कळते ती आईच्या रक्तातून. अंधार पडला की आईच्या मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. नाळ कापली की हा निरोप तुटतो. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री नीट पाझरू लागायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात त्याला दिवस-रात्रीचा पत्ता नसतो. पण निसर्गाने एक चोरवाट ठेवली आहे: आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतंच. रात्री दोन वाजता बाळ जे पितं त्यात भूक भागवण्याबरोबर ‘आत्ता रात्र आहे’ हा सांगावाही असतो.

दुसरा सांगावा उजेडाचा. यव्हॉन हॅरिसन यांचा २००४ सालचा एक अभ्यास आहे, सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांवरचा. रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारच्या सुरुवातीला जास्त उजेड मिळालेला होता. हे वाचताना मला शहापूर-मुरबाडकडची कुडाची घरं आठवतात. कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून शेणमातीने सारवलेल्या भिंती, खिडकी नावापुरती, आणि त्यातही बाळंतिणीची जागा सर्वांत आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. वारं लागू नये म्हणून केलेली ही सोय. पण त्या कोपऱ्यात दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा सारखेच. बाळाला उन्हात तापवायचं नाही. दुपारी आईने त्याला घेऊन ओटीवर, सावलीच्या उजेडात बसावं, आणि रात्री दूध पाजताना दिवा मिणमिणता ठेवून फार बोलू नये. त्याला फरक कळू द्यायचा.

दिवाळीनंतर या भागातली कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथे काम पहाटेच्या अंधारातच सुरू होतं. गाड्यांचा आवाज, धूर, वर उघडा बल्ब. अशा ठिकाणी बाळाने रात्र ओळखायची कशी? त्यात धुराने नाक चोंदतं. तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून चोंदलेलं नाक त्याला धड झोपू देत नाही आणि धड पिऊही देत नाही. (अशा वेळी नाकात तेल घालतात, ते मात्र घालू नये. थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात.)

झोळीचं कोडं मात्र सुंदर आहे. बांधलेल्या लुगड्यात बाळ हलतं आणि शांत होतं. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की आई बाळाला घेऊन चालू लागली की काही क्षणांत त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. उंदराच्या पिल्लांतही तसंच होतं. मग २०२२ मध्ये त्यांनी प्रत्येक आईला छळणारा प्रश्न हाती घेतला: कुशीत गाढ झोपलेलं बाळ खाली ठेवताच का उठतं? पाठ अंथरुणाला टेकते तेव्हा ते चाळवत नाही. आईच्या अंगापासून सुटू लागतं तेव्हाच चाळवतं. त्यांचा तोडगा साधा आहे. पाच मिनिटं घेऊन चालावं, झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं, मग ठेवावं.

आता जरा वेगळी बाजू. वैशाखात घट्ट गुंडाळलेलं बाळ उकाड्याने उठतं, श्रावणात ओल्या लंगोटाने, कुठे डासांनी, कुठे तापाने. मुरबाडच्या पाड्यावर घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती आशाताई नेमकं कारण ओळखण्यासाठी हाताचा उलटा भाग आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावते. दोन्ही कोमट तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ गारठतंय. मग कपडा बाजूला करून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. शांत बाळाचे श्वास साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तेवढेच आले तर थेट दवाखाना. या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना हे शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, २०११ पासून हीच पद्धत देशभरच्या आशांच्या हाती आली.

आशाताईला सर्वांत जास्त घोर असतो तो न उठणाऱ्या बाळाचा. अडीच किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला कधी कधी भुकेने जागं व्हायचंही बळ नसतं. ते झोपून राहतं, साखर उतरते, अंग गार पडतं, मग ते आणखी झोपतं. घरच्यांना वाटतं, किती शहाणं पोर, त्रासच देत नाही. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया पाळीवर जाण्याआधी तान्ह्याला ‘बाळागोळी’ देत. त्या गोळीत अफू असे, आणि बाळं अगदी अशीच शांत पडून राहत. त्या आयांना दोष देववत नाही. बाळाजवळ बसायला कुणी नव्हतं आणि भोंगा थांबणार नव्हता. पण भूक लागली, गारठलो, श्वास कोंडला, हे सांगायची बाळाची एकमेव सोय त्या गोळीने मारली जाई.

म्हणून आशाताई आधी विचारते, रात्रीतून किती वेळा प्यायला उठलं? दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा अंगावर पितंय, वजन वाढतंय, असं कळलं की ती निर्धास्तपणे पुढच्या घराकडे वळते. कमी वजनाचं बाळ असेल तर आईला बजावून जाते: दोन-दोन तासांनी उठव, तळपाय चोळ, उघडं करून छातीशी धर, पण पाज.