परसातली पिले : जात मिसळा, वय मिसळू नका



उसाचे बिल यायचे तेव्हा येते. घरातली मीठ-मिरची मात्र अंड्यांवर निघते. म्हणून शहापूरच्या सभासदांना आम्ही सुचवतो, की गावठी, गिरिराज, वनराज अशी पिले खुशाल एकत्र वाढवा. पण लहान-मोठी एका खुराड्यात कोंबू नका.

पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करावी. पिले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळाली तर उकाडा समजावा. खाली धानाचे तूस पसरा, पण ते कोरडे राहू द्या; ओलीत रक्ती हगवण वाढते. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिलांना घालू नये. त्यातला जादा चुना मूत्रपिंडाला बाधतो.

खरी भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी आर-२-बी टोचून घ्यावी. बाजारातली कोंबडी धडधाकट दिसली तरी तीन आठवडे वेगळी ठेवा. तिच्या एकटीपायी सगळे खुराडे रिकामे होऊ शकते.