यानाला खरा हुकूम कसा ओळखू येतो?

कर्नाटकातल्या मादन हिप्परग्यात घरावर बसवलेली डिशची छत्री उपग्रहाचं नुसतं ऐकते, त्याच्याशी बोलत नाही. बोलणारी छत्री याच राज्यात, बंगळुरूजवळ ब्यालाळूला आहे, 32 मीटर व्यासाची. चांद्रयानांशी संवाद साधायला इस्रोने ती वापरली.

रेडिओलहरी कुणालाही पकडता येतात, सामग्री असेल तर पाठवताही येतात. मग यानाने हुकूम खरा कसा मानायचा? हुकुमासोबत गुप्त किल्लीने आकडेमोड करून काढलेली मोहोर पाठवतात. हुकुमातलं एक अक्षर बदललं तरी मोहोर जुळत नाही. कुणी जुना, खराखुरा हुकूमच टिपून पुन्हा पाठवला तर? म्हणून प्रत्येक हुकुमावर चढता क्रमांक असतो. मागचा क्रमांक आला की यान तो हुकूम टाकून देतं. इतका साधा, इतका देखणा तोडगा!

पण घुसखोर बहुधा जमिनीवरूनच शिरतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजी उपग्रहावरून इंटरनेट पुरवणाऱ्या व्हायासॅट कंपनीच्या जमिनीवरच्या जाळ्यात घुसून हल्लेखोरांनी युरोपातले हजारो मोडेम निकामी केले. मध्य युरोपातल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. वर उपग्रह मात्र शाबूत होता. इस्रोवर रोज 100 हून अधिक सायबर हल्ले होतात, असं तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी 2023 मध्ये सांगितलं होतं.