लग्नाची नोंद : मांडव उतरला तरी काम उरतंच

मांडव, आचारी, बँड सहा महिने आधी ठरतात. कागद मात्र कुणाच्या ध्यानात नसतो. विशेष विवाह कायद्याने (१९५४) लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस लागते; नोटिशीपूर्वी दोघांपैकी एक त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. आपल्या नेहमीच्या लग्नाला आधी परवाना नाही, पण १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करा. तीन साक्षीदार न्या.

आमच्या भागात एका बाईचा नवरा विहिरीवर शॉक लागून गेला. वारस नोंदीला दिराने हरकत घेतली, अन् बाईकडे लग्नाचा कागदच नाही! पेरणी तोंडावर, बाई तलाठ्याच्या दारात.

मुलगी १८, मुलगा २१ पूर्ण. दाखले सुपारीआधीच बघा. पत्रिकाही जपा, अर्जाला जोडावी लागते.