सही करायच्या आधी हे वाचा



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई नुसत्या बसून होत्या. डेअरीला दूध घालायला गेलेल्या त्यांच्या मालकांना टेम्पोने उडवलं, ते जागीच गेले. तेराव्यानंतर टेम्पोवाला चार मोठी माणसं घेऊन घरी आला. "पन्नास हजार घ्या, स्टॅम्पवर सही करा, गावातलं गावात मिटवू." ताई म्हणाल्या, "तोही आपल्यातलाच. केस केली तर त्याचं घर बसेल."

इथेच आपली गल्लत होते. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमा चालू असेल तर भरपाई सहसा विमा कंपनी देते. ड्रायव्हरवरची पोलीस केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा.

रक्कम कशी ठरते?
समजा वय ३८, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई १२,००० आणि मागे बायको, दोन मुलं, सासू.
- वर्षाची कमाई : १,४४,०००
- पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जादा : २,०१,६००
- त्यांचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा : १,५१,२००
- या वयाला १५ ने गुणायचं : २२,६८,०००

चूक पूर्ण समोरच्याची ठरली आणि कमाई पटवून देता आली, तर हा हिशोब लागतो. कुठे पन्नास हजार आणि कुठे हे! चूक कोणाची हे सिद्ध न करताही ठरावीक ५ लाख मागता येतात. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर प्रांत किंवा तहसील कार्यालयामार्फत २ लाखांचा अर्ज करता येतो. आणि बाई गेली तर "ती घरीच असायची" म्हणून दावा सोडू नका. घरकामाचंही मोल कोर्ट धरतं.

काय करायचं?
१. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, गाडीच्या विम्याची प्रत गोळा करा.
२. वयाचा आणि कमाईचा पुरावा जपा : डेअरीची बिलं, बँक पासबुक, गटाच्या बचतीच्या नोंदी.
३. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. आपण राहतो त्या भागातही तो करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघातापासून सहा महिने आहे. मुदत गेली असली तरी गप्प बसू नका, वकिलाला विचारा.
४. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. कमाई कितीही असो, बाईला वकील मोफत मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. टक्केवारी मागणाऱ्या एजंटला कागद देऊ नका.

त्या ताईंनी अजून सही केलेली नाही. पुढच्या सोमवारी सीआरपी ताई आणि मी त्यांच्याबरोबर तालुक्याला जाणार आहोत. तुमच्या गटात कोणावर अशी वेळ आली, तर सांत्वनाला जाताना एवढं नक्की सांगा : "ताई, विचारल्याशिवाय सही करू नका."