वजनघट आणि कपड्यांतील माया

शरीराचे वजन मोठ्या प्रमाणात घटले की शिवलेले कपडे एकामागून एक निरुपयोगी होऊ लागतात. तथापि सारेच तत्काळ नवे शिवून घेणे परवडणारे नसते. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर वजन सामान्यतः १२ ते १८ महिने घटत राहते. या अवधीत अंगाबरोबर शिवलेला कपडा लवकरच पुन्हा सैल होतो. म्हणून प्रथम नाडीचे व नेसावयाचे कपडे वापरावेत. साडीला मापाचे बंधन नाही. परकर नाडीने आवळता येतो. बदलावे लागते ते केवळ पोलके.

वजन स्थिरावल्यावर जुन्या कपड्यांची निवड खांद्यावरून करावी. कमरेचा व बाजूंचा घेर शिवणीतून आत घेणे सोपे असते. खांदा उतरत असेल तर मात्र बाही उसवून पुन्हा बसवावी लागते आणि मजुरी बरीच वाढते.

आत घेतलेले जास्तीचे कापड कापू नये. ते शिवणीतच दुमडून ठेवावे. घटलेल्या वजनाचा काही अंश पुढे परत येणे हा अनेकांच्या बाबतीत देहधर्मच आहे. अशा वेळी शिवणीत राखलेली माया नवा खर्च वाचविते.